दावीदाचे पाणी आणि आपली गाडी

रविवारची मिस्सा आटोपून घरी परतताना पेट्रोल पंपावर थांबण्याचा आमच्या घराचा जुना परिपाठ आहे. गेल्या काही वर्षांत त्या पंपावर एक नवी पाटी झळकू लागली आहे : 'ई-२०'. शंभर भाग इंधनात वीस भागांपर्यंत इथेनॉल, म्हणजे ऊस, मका वा तांदूळ यांपासून काढलेला मद्यार्क. मध्यंतरी घरात नवी गाडी घेण्याचा विषय निघाला, तेव्हा धाकट्या पिढीने आग्रह धरला की, थोडे थांबावे लागले तरी चालेल, पण घ्यायची तर जास्तीत जास्त इथेनॉलवर चालणारीच गाडी घ्यावी. ख्रिस्ती माणसाने देवाच्या सृष्टीची राखण करायची असेल, तर शेतात उगवलेले इंधन हे जमिनीच्या पोटातून उपसलेल्या तेलापेक्षा निर्मळच नव्हे काय? घरातील एका वडीलधाऱ्यांनी सारे ऐकून घेतले आणि शांतपणे विचारले, "म्हणजे आता गाडीपण जेवायला बसणार का?" सगळे हसले. तथापि तो प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही, असे आम्हांस त्या दिवसापासून वाटत आले आहे.

प्रथम तरुणांची बाजू समजून घेऊ. तिला भक्कम आधार आहे. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' या परिपत्रकातून कोळसा, तेल व वायू यांवरचे आपले अवलंबन विनाविलंब कमी करण्याचे आवाहन केले. सर्वांना परवडणारे स्वच्छ पर्याय हाती येईपर्यंत कमी हानिकारक मार्ग स्वीकारणे न्याय्य आहे, असेही त्यांनी त्यात मान्य केले. आठ वर्षांनी, ४ ऑक्टोबर २०२३ रोजी, संत फ्रान्सिस असिसीकर यांच्या सणाच्या दिवशी त्यांनी 'लाउदाते देउम' हे पत्र लिहिले, तेव्हा त्यांच्या शब्दांत आर्जवापेक्षा व्यथा अधिक होती. कारण मधल्या काळात जगाने फारसे काही केले नव्हते. एक लिटर पेट्रोल जळले की दोन किलोहून अधिक कर्बवायू हवेत जातो, आणि तो लक्षावधी वर्षे भूगर्भात गाडलेला कर्ब असतो. वनस्पतीचे तसे नाही. ती हवेतून घेते तेच जळताना परत देते, निदान हिशेबाच्या वहीत तरी. शिवाय आपला देश कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशांतून विकत घेतो. तोच पैसा आपल्या शेतकऱ्याच्या हाती जात असेल, साखर कारखान्यांकडे थकलेली उसाची बिले वेळेवर मिळत असतील, तर त्यात आनंद न मानणारा माणूस करंटाच म्हणायचा.

आपल्याकडे पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्यास २००३ साली नऊ राज्यांत सुरुवात झाली. २०१८ साली जैवइंधनांचे राष्ट्रीय धोरण आले, २०२२ साली मिश्रण दहा टक्क्यांवर पोहोचले आणि २०२५ साली वीस टक्के. आता बहुतेक पंपांवर साधे पेट्रोल शोधूनही सापडत नाही. म्हणजे 'जैवइंधन वापरावे की नाही' या प्रश्नाचे निम्मे उत्तर सरकारने आपल्या वतीने देऊन टाकले आहे. उरलेल्या निम्म्या प्रश्नाचे उत्तर मात्र आपल्या सदसद्विवेकबुद्धीला द्यायचे आहे, आणि ते सरकारला आपल्या वतीने देता येत नाही.

ताटातले आणि टाकीतले

वडीलधाऱ्यांचा प्रश्न गंमतीचा होता. पण जगाने तो गंभीरपणे अनुभवला आहे. २००७ सालच्या जानेवारीत मेक्सिको शहरात हजारो लोक रस्त्यावर उतरले, कारण त्यांची रोजची मक्याची भाकरी, तोर्तिया, एकाएकी महागली होती. त्या महागाईला साठेबाजीसारखी इतर कारणेही होती. परंतु शेजारच्या अमेरिकेत मका इथेनॉलच्या भट्ट्यांकडे वळला होता, हे त्यांतले एक ठळक कारण. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अन्नहक्कासाठी नेमलेले संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिनिधी झाँ झिग्लर यांनी पिकाऊ जमीन इंधनासाठी वळवण्याला मानवतेविरुद्धचा गुन्हा म्हटले आणि पाच वर्षांच्या स्थगितीची मागणी केली. शब्द कठोर होते. त्यांच्याशी सर्वांनीच सहमत व्हावे असे नाही, पण ते कानांआड करावेत असेही नाहीत.

आपल्या घरचा हिशेब मांडून पाहू. लहान मोटारीची टाकी ३५ लिटरांची धरली, तर वीस टक्क्यांनी त्यात ७ लिटर इथेनॉल असते. एक टन तांदळापासून सुमारे ४५० लिटर इथेनॉल निघते. म्हणजे हे सात लिटर तांदळाचे असतील, तर एका टाकीसाठी सुमारे साडेपंधरा किलो तांदूळ लागला. अन्नसुरक्षा कायद्यान्वये प्राधान्य कुटुंबातील एका माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. याचा अर्थ, आपली एक टाकी म्हणजे तीन माणसांचे महिन्याचे रेशन.

यावर उत्तर आहे, आणि ते प्रामाणिक आहे. गोदामांत तांदूळ गरजेहून जास्त साठतो, त्यातला काही सडतो. तुटका तांदूळ वापरला जातो. मद्यार्क काढल्यावर उरणारा चोथा जनावरांच्या खाद्यात जातो. हे सारे खरे. पण ज्या देशात २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील दर शंभर बालकांपैकी पस्तिसांहून अधिक बालकांची वाढ खुंटलेली आढळली, तेथे 'जास्तीचा तांदूळ' या शब्दांचा अर्थ काय? गोदामात जास्त झाला तो ताटात का पोहोचला नाही? जव्हार-मोखाड्याची कुपोषित बालके आमच्याच पालघर जिल्ह्यात राहतात. आमच्या घरापासून तेथवर जायला गाडीची एक टाकीदेखील लागत नाही. मक्याचीही तीच कथा. वर्षानुवर्षे मका निर्यात करणारा आपला देश २०२४ साली मक्याचा निव्वळ आयातदार झाला, आणि कोंबड्या पाळणाऱ्या लहान माणसाला खाद्याचा वाढता भाव सोसावा लागला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या आपल्या दस्तऐवजात स्पष्ट सांगितले आहे की, पृथ्वीची संपत्ती देवाने सर्व माणसांसाठी निर्माण केली आहे आणि खासगी मालकी या मूळ हक्काच्या अधीन आहे. तो नियम शेतजमिनीला लागू होतो, तसाच टाकीलाही लागू होतो.

बेथलेहेमच्या विहिरीचे पाणी

इथे आम्हांस शमुवेलच्या दुसऱ्या पुस्तकातील एक प्रसंग आठवतो. दावीद गुहेत दडून आहे. बेथलेहेम हे त्याचे गाव पलिष्ट्यांच्या ताब्यात आहे. सुगीचे दिवस, उन्हाची काहिली. गावच्या वेशीजवळच्या विहिरीचे पाणी मला कोण पाजील, असा एक उद्गार त्याच्या तोंडून निघून जातो. तीन वीर तो उद्गार ऐकतात, शत्रूची फळी फोडून जातात आणि पाणी घेऊन परततात. दावीद ते पाणी पीत नाही. जिवावर उदार झालेल्या माणसांचे हे रक्तच आहे, अशा भावनेने तो ते परमेश्वरापुढे ओतून टाकतो.

या कथेतील एक गोष्ट सहसा आपल्या ध्यानात येत नाही. दावीदाने आज्ञा केली नव्हती. त्याने केवळ इच्छा बोलून दाखवली होती. पण ज्याच्या हाती सत्ता असते, त्याचा सुस्काराही दुसऱ्याला हुकमासारखा ऐकू येतो. आजच्या बाजारात आपण सारे असे लहान लहान दावीद आहोत. आपण कोणालाही ऊस तोडायला पाठवत नाही, कोणाची विहीर कोरडी करा असे सांगत नाही. आपण फक्त म्हणतो, टाकी भरा. अर्थशास्त्र त्या सुस्काऱ्याला 'मागणी' असे नाव देते.

आता त्या पाण्याचा हिशेब. निती आयोगाच्या तज्ज्ञ समितीने २०२१ साली आपल्या अहवालात नमूद केले आहे की, उसापासून एक लिटर इथेनॉल मिळवण्यासाठी सुमारे २,८६० लिटर पाणी लागते. या मापाने आपल्या टाकीतील सात लिटर इथेनॉल उसाचे असेल, तर त्यामागे वीस हजार लिटर पाणी उभे आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी तहानलेल्या लातुरात पोहोचली, तेव्हा तिच्या दहा वाघिणींत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. स्त्रिया हंडे-कळशा घेऊन त्या पाण्याची वाट पाहत होत्या. वरचे माप लावले, तर ती संपूर्ण गाडी म्हणजे पंचवीस मोटारींच्या टाक्या. या हिशेबात पावसाचे पाणीही धरलेले असते, आणि साखर काढून झाल्यावर उरलेल्या मळीपासून इथेनॉल केले तर त्या पाण्याचा मोठा वाटा साखरेच्या नावे जातो, हे आम्ही जाणतो. तरीसुद्धा ऊस हे तहानलेले पीक आहे आणि ते दुष्काळी मराठवाड्यातही उभे आहे, हे कसे नाकारणार? टँकरवाल्यांनी आपल्या विहिरी उपसून नेल्या तेव्हा आम्ही वसईकर रस्त्यावर आलो होतो. दुसऱ्याच्या विहिरीविषयी आपण गप्प राहिलो, तर तो आक्रोश पाण्यासाठी होता की केवळ आपल्या पाण्यासाठी, असे कोणी विचारल्यास आपण काय उत्तर देणार?

आणि हातांचा हिशेब. दिवाळीच्या सुमारास बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता'. माणसांची ओळखच अवजाराच्या नावाने होते. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत थांबता येत नाही. आजारपणाने एक दिवस चुकला तर 'खाडा' धरला जातो आणि दंड कापला जातो. पहाटेच्या अंधारात फडावर जायचे, पाचटाच्या खोपीत राहायचे, लेकरांची शाळा सहा महिने बुडवायची. २०१९ साली शासनाच्या समितीने बीड जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा १३ हजारांहून अधिक महिलांची गर्भाशये काढलेली असल्याचे आढळले. त्यामागे अनेक कारणे होती. पण दर महिन्याच्या त्या चार दिवसांत काम चुकू नये, दंड पडू नये, हे त्यांतले एक कारण होते, हे वाचून ज्याचे मन हलत नाही त्याला दावीदाचा प्रसंग कळलाच नाही असे म्हणावे लागेल.

हा दोष केवळ इथेनॉलचा नव्हे, साखरेचाही आहे. चहाच्या प्रत्येक कपात तो विरघळलेला आहे. पण चहाच्या कपावर कोणी 'निर्मळ' अशी पाटी लावत नाही. ब्राझीलचे उदाहरण बोलके आहे. १९७३ च्या तेलसंकटानंतर त्या देशाने १९७५ साली उसाच्या मद्यार्कावर मोटारी चालवण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. त्याच वर्षी तेथील ख्रिस्तसभेने भूमिहीनांसाठी पास्टोरल भूमी आयोग स्थापन केला, आणि पुढे त्या आयोगाने नोंदवलेल्या वेठबिगारीच्या प्रकरणांत उसाचे मळेही होते. धूर कमी झाला म्हणून घाम आपोआप हलका होत नाही.

उरलेले तुकडे

मग जैवइंधन सर्वथा वाईट म्हणायचे काय? तसे म्हणण्यास आम्ही तयार नाही. पाच हजारांना भोजन दिल्यानंतर प्रभू येशूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास सांगितले, काहीही वाया जाऊ नये म्हणून. बारा टोपल्या भरल्या. या प्रसंगाचा क्रम महत्त्वाचा आहे : आधी सर्व जण पोटभर जेवले, मग तुकडे गोळा झाले. जैवइंधनाची ख्रिस्ती कसोटी आम्हांस या क्रमात दिसते. जे भाकरीतून काढलेले ते एक, आणि जे तुकड्यांतून काढलेले ते दुसरे.

तुकड्यांतून निघणारे इंधन आज आहे. पानिपतला ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेला कारखाना भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढतो. तोच पेंढा शेतात जाळला की उत्तर भारत धुराने कोंडतो. इंदूर शहराने त्याच वर्षी ओल्या कचऱ्यापासून वायू बनवण्याचा प्रकल्प उभा केला आणि त्यावर शहराच्या बसगाड्या धावू लागल्या. तळून उरलेले तेल पुन्हा पुन्हा कढईत न घालता त्यापासून बायोडिझेल बनवण्याचा उपक्रम २०१८ साली सुरू झाला. आपल्या खेड्यांतील गोबरगॅस तर या सर्वांचा थोरला भाऊ.

पण तुकड्यांनाही एक मोह चिकटलेला असतो. मळी हा मुळात साखरेचा उरलेला तुकडाच होता. तिला भाव आला, तसा साखर पूर्ण न काढता मळी अधिक गोड ठेवण्याचा मार्ग २०१८ पासून रूढ झाला, आणि पुढे थेट उसाचा रसच भट्टीत जाऊ लागला. २०२३ सालच्या डिसेंबरात, पाऊस कमी पडून साखर टंचाईची भीती निर्माण झाली, तेव्हा सरकारला त्यावर निर्बंध आणावे लागले. पुढच्या वर्षी ते उठले. म्हणजे तुकडे गोळा करता करता आपण तुकड्यांसाठी भाकरी मोडू लागलो. त्याआधी मोगली एरंडाची हवा होती. पडीक जमिनीवर हे झाड लावा आणि डिझेल मिळवा, असे सांगितले गेले. झाडाने अपेक्षेइतके बी दिले नाही, हा एक भाग. पण 'पडीक' म्हणून दाखवलेली जमीन पुष्कळदा कोणाचे तरी गायरान होते, कोणाच्या सरपणाची जागा होती. शेताचे कोपरे आणि सांडलेली कणसे गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडावीत, अशी आज्ञा लेवीयाच्या पुस्तकात आहे. ज्याला आपण वाया गेलेले म्हणतो ते कोणाच्या तरी वाट्याचे असू शकते.

करिंथचा बाजार

येथवर वाचून एखादा हळव्या मनाचा वाचक म्हणेल, मग मी गाडीत तेल भरतो हे पापच झाले! तसे नाही. हाच पेच संत पौलापुढे करिंथकरांनी ठेवला होता. बाजारातले मांस मूर्तीला अर्पण केलेले असू शकते. ते घ्यावे की न घ्यावे? पौलाने त्यांना धास्तीतून मोकळे केले : बाजारात विकले जाते ते चौकश्या न करता खा, पृथ्वी प्रभूची आहे. पण लगेच त्याने दुसरी बाजूही मांडली. माझ्या खाण्याने बंधूची हानी होणार असेल, तर मी ते सोडून देईन. ख्रिस्ती सदसद्विवेकबुद्धी या दोन वाक्यांच्या मधोमध उभी असते. एकीकडे धास्ती, दुसरीकडे बेफिकिरी, आणि दोन्हींत ती पडत नाही.

अठराव्या शतकातील संत अल्फोन्स लिगोरी हे नीतिशास्त्राचे आणि पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंचे आश्रयदाते संत. दुसऱ्याच्या दुष्कृत्यातील सहभागाचे भेद त्यांनी बारकाईने समजावले आहेत. वाईट कृत्याचा हेतूच मान्य करून त्यात सामील होणे वेगळे, आणि हेतू मान्य नसता, दुरून, टाळणे कठीण अशा व्यवहारातून त्याला हातभार लागणे वेगळे. पंपावर दुसरे पेट्रोलच नसताना टाकी भरणारा बाप या दुसऱ्या प्रकारात मोडतो. त्याला त्यासाठी पापनिवेदनाच्या रांगेत उभे राहण्याचे कारण नाही. मात्र दूरच्या सहभागालाही एक अट असते : त्याला पुरेसे सबळ कारण हवे. आजारी आईला इस्पितळात नेणे हे सबळ कारण आहे. कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणणे हे आहे काय?

आमच्या मते मूळ प्रश्न येथे आहे. टाकीत काय घालावे हा प्रश्न दुसरा. कोठे जावे, कशासाठी जावे, किती जणांनी मिळून जावे, हा प्रश्न पहिला. निर्मळ इंधनाचा खरा धोका त्याच्या रसायनात नाही, त्याने मिळणाऱ्या समाधानात आहे. सोळाव्या शतकात दंडमाफीची पत्रे विकत घेऊन माणसे निश्चिंत होत असत, आणि ख्रिस्तसभेला ट्रेंटच्या परिषदेत त्या व्यापाराचा बंदोबस्त करावा लागला. हिरवी पाटी लावलेले इंधन हे आपल्या काळातले तसे पत्र ठरू नये. एकदा मन निश्चिंत झाले की प्रवास लांबतो, गाडी मोठी होते, आणि मिश्रणात वाचवलेला धूर जास्तीच्या फेऱ्यांत परत येतो. विजेच्या गाडीलाही हाच न्याय लावावा लागेल. जोवर आपली बहुतांश वीज कोळशातून येते, तोवर तिचा धूर आपल्या दारी न निघता वीजकेंद्राच्या गावी निघतो, इतकेच.

आमच्या घरी शेवटी काय ठरले, हे सांगणे वाचकांचे देणे आहे. नवी गाडी लांबणीवर पडली. जुनी आहे तिच्यावर भागवायचे, आणि लोकल व एसटी जेथे जाते तेथे तिनेच जायचे. मिस्सेला शेजारच्या दोन घरांना बरोबर घ्यायचे. टाकी भरायची ती अपराधी मनाने नव्हे, पण कृतज्ञ आणि ऋणी मनाने. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी गाडी बंद, आणि त्या चाळीस दिवसांत वाचलेले पैसे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी. धाकट्यांनी आणखी एक सुचवले, ते आम्हांस अधिक मोलाचे वाटले. लोकप्रतिनिधी मते मागायला येतील तेव्हा इंधनाच्या दराबरोबर कोयत्याच्या दराविषयी, फडावरच्या शौचालयाविषयी आणि दुष्काळी भागातल्या उसाविषयी त्यांना विचारायचे. आपल्या धर्मग्रामांनी हे प्रश्न एकत्र विचारले, तर ते नुसते सुस्कारे राहणार नाहीत.

यातले काहीही फार मोठे नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. दावीदाने ओतलेले पाणीही एका भांड्यातलेच होते. त्याने बेथलेहेमची विहीर मुक्त झाली नाही, की पलिष्टी पळाले नाहीत. परंतु त्या दिवसापासून त्याच्या सैन्यातील प्रत्येकाला कळले असेल की, आपल्या जिवाची किंमत राजाला ठाऊक आहे. बीडच्या फडात पहाटे कोयता हाती घेणाऱ्या भगिनीला, आमच्या टाकीत तिचाही वाटा आहे हे आम्हांस ठाऊक आहे, असे आपल्या वागण्यातून कधीतरी कळावे. पंपावर पुढच्या खेपेला थांबू, तेव्हा मीटरवरचा आकडा फिरत असताना तेवढे एक स्मरण करू.